मावशीची उधारी

संपाच्या वर्षी आमच्या घरावर दोन उधाऱ्या होत्या. एक वाण्याची, त्याच्या लाल वहीत लिहिलेली. दुसरी मावशीची, कुठेच न लिहिलेली. वाण्याची यथावकाश फिटली. मावशीची राहिली. पुढे तिच्या नातवाच्या फोनमध्ये समुद्रावरच्या हवामानाचं कोणतं ॲप टाकावं, या एवढ्याशा प्रश्नात मी वर्षानुवर्षं डोकं घातलं, ते त्या राहिलेल्या उधारीपोटी.

मावशी म्हणजे आमच्या चाळीची कोळीण. माझगाव कोळीवाड्यातली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल घ्यायची, टोपली डोक्यावर ठेवून घोडपदेववरून चिंचपोकळीला यायची आणि चिंतामणीच्या मंडळाच्या अलीकडे, आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बसायची. घरची एक डोलीची बोट होती. नवरा गेल्यावर थोरला मुलगा तिच्यावर तांडेल झाला. त्याला मी दादा म्हणते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा साचा खात्यात होते. होळीपर्यंत चाळीत उत्साह होता, मे महिन्यात बिऱ्हाडं गावी जायला लागली आणि पावसाळा लागला तेव्हा आमच्या मजल्यावर पेटलेले स्टोव्ह कमी आणि कुलपं जास्त झाली. आई गावी गेली नाही, पापड लाटायला लागली. मासळी घेणं तिने बंद केलं होतं. मावशीची हाळी आली की ती मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

मग मावशी मला हाक मारायची. "परात घेऊन ये गो." तिची विक्री वाट्यावर. टोपलीच्या झाकणावर वाटे लावायची, घासाघीस करायची, शिव्या द्यायची, आणि सगळं आटपल्यावर आमचा वाटा काढायची, "उरलंय ते घे" म्हणून. मी बारा वर्षांची होते, पण मला एवढं कळत होतं की उरलेल्या मालात एका मापाचे चार बांगडे उरत नाहीत. गिऱ्हाइकांनी सकाळभर चिवडलेल्या टोपलीत तळाला उरतात ती पोट फुटलेली मांदेली. ते चार बांगडे पहिल्यापासून ओल्या फडक्याखाली वेगळे असायचे. जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असत, तेव्हा कागदाच्या पुडीतून सुका जवळा यायचा, सुके बोंबील यायचे. पैशांचं नाव काढलं की, "देशील गो, कुठं पळून चाललीस?"

पुढे बाबा एका इमारतीवर वॉचमन झाले. बऱ्याच वर्षांनी गिरणीकडून थोडेफार पैसे हातात आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून ते माझगावला गेले. मावशीने चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. "त्या साली मी मोजलं नाय, आता तुमी कशाला मोजता?" बाबा परत आले ते चिडूनच. "घेतले असते तर बरं झालं असतं," म्हणाले. "आता तिच्यासमोर मान वर करून बोलायचं कसं?" बाबांचं ते चिडणं मला वय वाढत गेलं तसं जास्त कळत गेलं.

माझ्या वाट्याला मासळीखेरीज आणखीही काही आलं. मावशीला अक्षरओळख नव्हती, आकडे कळायचे. एकदा आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट करून तिने विचारलं, आज तिथी कुठली? मी म्हटलं, अष्टमी. "मंग भरती सहाला." आठाची पाऊणपट सहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना तो जरा मागे पडतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि मुंबईची भरती त्या दिवशी बाराच्या पुढेमागे असते. पण कागद-पेन्सिल न घेता तोंडी एवढं गणित जमत असेल तर तासाभराचा फरक कोण बघतो? आणि डोलीवाल्याला याच्याशिवाय चालत नाही. डोलीचं जाळं मासळीच्या मागे धावत नाही. ते पाण्यात एका जागी बांधून ठेवलेलं लांब पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीची ओढ मासळी त्यात आणून घालते. उधाणाला ओढ जोराची, तेव्हा टोपली भरलेली. भांगाला पाणी मंद, तेव्हा मावशी लवकर घरी. भूगोलाच्या पुस्तकातली उधाणाची आणि भांगाची भरती मी आधी तिच्या टोपलीत पाहिली.

बी.कॉम. झाल्यावर मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कचेरीत लागले. तिथे कोपऱ्यात हवामानाचे नकाशे घेणारं फॅक्स यंत्र होतं. करड्या कागदावर समदाब रेषा बोटभर बोटभर बाहेर यायच्या. ते नकाशे तारीखवार लावायचे, आणि कप्तानांना जाणाऱ्या निरोपांतले वाऱ्याचे नि लाटांचे आकडे ताडून पाहायचे, हे माझं काम. नकाशावरची वेळ ग्रिनिचची, त्यात साडेपाच तास मिळवायचे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, हवामान खातं १८७५ पासूनचं, हे मला तिथेच कळलं. लहानपणी आमच्यासाठी वेधशाळा म्हणजे चेष्टेचा विषय होता. धक्क्यावरच्या लोकांपर्यंत त्या खात्याचा शब्द पोचायचा तो बंदरावरच्या बावट्यातून. तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की कोळीवाड्यात कुणाला जास्त सांगावं लागत नसे.

पण बावटा बंदरातून दिसतो, भर दर्यातून नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये याचा अर्थ समजला. दिवाळी उलटलेली, दर्या निवलेला, हंगाम भरात. फयान वादळ किनाऱ्याच्या बाजूबाजूने वर सरकत आलं आणि ११ तारखेला अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर चढलं. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी बोटी बाहेर होत्या आणि कित्येक खलाशी परतले नाहीत. दादाची बोट आदल्या रात्रीच धक्क्याला लागली होती. मी विचारलं, रेडिओवर ऐकलंस का? त्याचा रेडिओ तर बिघडलेला. "वारा पडलेला होता," तो म्हणाला, "आणि खालच्या अंगानं लांब लाट येत होती. वाऱ्याबिगर लाट आली की तिचा धनी मागनं येतो."

कचेरीत मी वर्षानुवर्षं जे आकडे टाईप करत होते त्यांचा अर्थ त्या एका वाक्यात होता. दूरच्या वादळाने उठवलेली लाट वादळाच्या पुढे धावते. तिची उंची फारशी नसते, पण एक शिखर आणि दुसरं शिखर यांच्यामधला वेळ मोठा असतो, दहा-बारा सेकंद किंवा जास्त. तिथल्या तिथे वाऱ्याने उठलेल्या लाटेला तोच वेळ चार-पाच सेकंदांचा. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट संथ वर-खाली होते. तीच पाच सेकंदांनी आली तर खलाशाला उभं राहता येत नाही. म्हणून समुद्राचं म्हणवणाऱ्या ॲपमध्ये लाटेची नुसती उंची असेल आणि सेकंद नसतील, तर ते धक्क्यावर फिरायला येणाऱ्यांसाठी ठीक.

ॲपचा प्रश्न आला तो ओखी वादळानंतर, डिसेंबर २०१७ मध्ये. केरळ-तमिळनाडूच्या बोटी आसरा शोधत पार देवगडपर्यंत आल्या होत्या, मुंबईत शाळांना सुट्टी दिली होती. मी माझगावला गेले होते. मावशीची टोपली सुटून बरीच वर्षं झाली होती. नातू शेजारी फोन घेऊन बसलेला. "तू बोटींच्या हापिसात हायस ना गो?" मावशी म्हणाली. "ह्याच्या फोनात चांगलं काय ते टाकून दे. दिवसभर नुसते रंग बघतो." पस्तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

फोनमध्ये पाच-सहा ॲपं आधीच होती. ढग, सूर्य आणि तापमान दाखवणारी सगळी मी काढून टाकली. पावसाने माणूस भिजतो. बोटीला भीती वाऱ्याची आणि लाटेची. उरलं ते रंगांचं विंडी. इव्हो लुकाचोविच या चेक उद्योजकाने २०१४ मध्ये सुरू केलेलं. ते मला आवडतं, अजूनही आवडतं, आणि त्याचं कारण त्याचे रंग नव्हेत. खाली कोपऱ्यात ते सांगतं की हा अंदाज कुणाचा. बहुतेक ॲपं स्वतः अंदाज करत नाहीत. युरोपीय केंद्राचं एक मॉडेल, अमेरिकेचं एक, जर्मनीचं एक, अशा दोन-चार मॉडेलांचे आकडे घेऊन जो तो आपापल्या रंगात रंगवतो. नातवाने तीन ॲपं उघडून "तिन्ही एकच सांगतायत" म्हटलं, तेव्हा त्या तिन्हींच्या मागे अमेरिकी मॉडेलच होतं. विंडीत मॉडेल बदलून बघता येतं. युरोपीय आणि अमेरिकी जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर त्यातलं वाईट खरं धरायचं.

मग ठिपका. 'मुंबई' टाईप केलं की ॲप शहरातली एक जागा धरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. मुंबईचं हवामान या शब्दांना त्या दिवशी काही अर्थच नव्हता. दादाची जाळी जिथे बांधलेली तिथे, पाण्यात, मी ठिपका नेऊन ठेवला, तर वाऱ्याचा आकडा लगेच वाढला. जमीन वाऱ्याला अडवते, पाणी अडवत नाही. तरीही मॉडेलच्या चौकटी मोठ्या. युरोपीय ९ किलोमीटरची, अमेरिकी विंडीवर २२ किलोमीटरची. भाऊच्या धक्क्यापासून समोर उरणपर्यंतचं अख्खं बंदर अशा एखाददुसऱ्या चौकटीत संपतं. त्यात घारापुरी कुठे आणि खाडीचं तोंड कुठे, हे मॉडेलला ठाऊक नसतं.

वाऱ्याचं माप मी नॉटमधून किलोमीटरवर आणलं. आमच्या कचेरीत कुणी बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं. पण हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५" असा येतो. फोनवर २४ नॉट दिसले तर ते ४५ किलोमीटरच्या जवळ आहेत, हा हिशेब पहाटे तीन वाजता धक्क्यावर कुणी करत नाही. झोताचा आकडा वेगळा दिसायला हवा, हेही त्यातच आलं. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि बोट आडवी होते ती झोताने.

या सगळ्या खटपटीत सर्वांत कडक परीक्षक निघाला दादा. इंग्रजी येत नाही, चष्मा लागलेला, पण फोन हातात घेऊन पहिला प्रश्न: "हे कवाचं सांगतोय?" नातवाला प्रश्नच कळला नाही. मला कळला. मॉडेलं चालतात ती ग्रिनिचच्या शून्य आणि बारा वाजताच्या, काही मधल्या वेळच्याही, निरीक्षणांवर. आणि उत्तर बाहेर यायला पुढे सहा-सात तास जातात. पहाटे तीनला दिसणारा अंदाज बऱ्याचदा काल संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांचा असतो. ताज्या मासळीचा गलफडा उचलून पाहणाऱ्या माणसाला हे विचारावंसं वाटलं, कचेरीतल्या साहेबांना कधी वाटलं नाही. आमच्याकडचे एक-दोघे थंडीत रविवारी गेटवेवरून शिडाच्या होड्या घेऊन जायचे आणि न्यूझीलंडच्या प्रेडिक्टविंडची तारीफ करायचे. ते ॲप चांगलंच आहे, आठवड्याच्या सफरीवर निघणाऱ्याला मार्गसुद्धा आखून देतं. पण पैसे मोजून जे मिळतं त्याचा डोलीवाल्याला उपयोग नाही. त्याला रोज त्याच जागी जायचं आणि त्याच जागेवरून यायचं असतं.

आणि त्या जागेचं एक दुखणं कुठलंच ॲप दाखवत नाही. दादाने ते हाताने दाखवलं. एक तळवा ओहोटीचा, बंदरातून बाहेर, दक्षिणेकडे जाणारा. दुसरा वाऱ्याचा, नैर्ऋत्येकडून आत येणारा. दोन्ही तळवे एकमेकांवर रेटले की बोटं वर उठतात. वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की बंदराच्या तोंडाशी लाट अशीच उभी राहते, आखूड आणि उंच; त्याच वेळी ॲपवर मीटरभराची साधी लाट दिसत असते. शिवाय ॲपवरची उंची म्हणजे मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. तेव्हा ओहोटी किती वाजता ते बघ, वारा कुठला ते बघ, आणि त्या दोन तासांत तोंडाशी जाऊ नकोस. ओहोटीची वेळ नातू ॲपवर शोधेपर्यंत मावशी आतून ओरडली, "एकादशी हाय आज, भरती सव्वाआठला." अकराची पाऊणपट.

पुढे आपल्याकडचीही साधनं सुधारली. हवामान खात्याचं 'मौसम' २०२० मध्ये आलं, हैदराबादच्या इन्कॉइसचं 'समुद्र' त्यानंतर. इन्कॉइस ही १९९९ मध्ये स्थापन झालेली, समुद्राचा अंदाज देणारी केंद्र सरकारची संस्था. तिथे लाटेची उंची, सेकंद, प्रवाह, भरती तर मिळतातच, पण उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कुठल्या पट्ट्यात सापडण्याचा संभव आहे, तेही कळतं, मराठीतसुद्धा. ढग दाटले की तो सल्ला येत नाही. विंडीइतकं 'समुद्र' देखणं नाही, आणि मला विचाराल तर त्याने काही बिघडत नाही.

मी नातवाला शेवटी दिला तो क्रम असा. जायचं की नाही, हे हवामान खातं आणि इन्कॉइस सांगेल. त्यांनी नको म्हटलं की विंडी उघडायचंच नाही. सरकारी इशारा देणाऱ्यावर त्या शब्दाची जबाबदारी असते, रंग दाखवणाऱ्यावर नसते. जायचं ठरलं तर कधी निघायचं आणि कधी आत यायचं, ते विंडीत दोन मॉडेलं लावून पाहायचं. निघण्याआधी, धक्क्यावरच, सगळं उघडून ठेवायचं. किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर फोनचं नेटवर्क जातं आणि ॲप मुकं होतं. तिथून पुढे वायरलेस. आता इस्रोचे ट्रान्सपाँडर आले आहेत, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्या योजनेचा आरंभ झाला. नेटवर्क नसताना उपग्रहावरून इशारा येतो आणि बोटीवरून संदेशही धाडता येतो. ज्यांच्या बोटीवर तो बसला आहे त्यांनी तो बंद ठेवू नये.

मावशी करोनाच्या आधी गेली. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, नातवाचा फोन आला, बोट आत घेतली म्हणून. इशारा दोन-तीन दिवस आधीपासून होता. तरीही १७ तारखेला मुंबई हायकडे पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरची व एका टगबोटीवरची मिळून सत्तरहून अधिक माणसं गेली. अंदाज बरोबर होता. अंदाज बरोबर असून माणसं जातात, हे तेव्हापासून मी नातवाला दर हंगामात ऐकवते. तो ऐकतो. ऐकल्यासारखं करत असेल तरी मला चालेल, इशारा आला की बोट आत असते.

राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि फोन हातात असतो. तुमच्या ओळखीचं कोणी दर्यात जात असेल, गल्लीतल्या कोळणीचा मुलगा का असेना, तर या दोन महिन्यांत एक संध्याकाळ त्याच्यापाशी बसा. ठिपका पाण्यात न्या, वारा किलोमीटरमध्ये करा, लाटेचे सेकंद दिसतात का पाहा, आणि हवामान खात्याच्या व इन्कॉइसच्या सूचना बंद असतील तर चालू करा. नारळी पौर्णिमेआधी एवढं झालेलं असावं.